मॉरिशसच्या उसाच्या मळ्यातील गाणी

परक्या मुलखात संसार मांडायचा म्हणजे हाताला काम आणि डोक्यावर छप्पर हवेच. पण तेवढ्यावर भागत नाही. सुखदुःखाला चार माणसेही जवळ हवीत. मॉरिशसला गेलेल्या आपल्या लोकांना ही माणसे जोडायला गाण्याची कशी मदत झाली, ते आज पाहू.

मॉरिशस हे हिंदी महासागरातले लहानसे बेट. १८३५ साली तेथली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानातून कराराने माणसे नेऊ लागले. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. त्यांतले काही पुढे इतर मुलखांत गेले. यांत भोजपुरी बोलणारे पुष्कळ होते. मद्रासकडचे होते, तसे आपल्या कोकणातलेही होते.

आता लग्नाचेच उदाहरण घ्या. आत्या, मामी समुद्रापलीकडे राहिलेल्या. मग हळद कोणी निवडायची? गाणी कोणी म्हणायची? अर्थात शेजारणींनी! भोजपुरी कुटुंबांत लग्नाआधी 'गीत-गवई' होते. पाच सवाष्णी हळद, तांदूळ, दूर्वा आणि पैसे कापडात घेऊन बसतात. बाकीच्या देवादिकांची गाणी म्हणतात. मग ढोलकाची पूजा होते, आणि सगळ्याजणी गाऊ-नाचू लागतात. एकत्र गाता गाता परक्या बायका आपल्या झाल्या, त्या अशा.

कोकणी माणसाने आपली जाखडी नेली. तेथे तिला झाकरी म्हणतात, आणि गणेशोत्सवात ती अजून नाचली जाते.

मात्र हे लोक जुन्यालाच कवटाळून बसले नाहीत बरे का! आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे 'सेगा' नावाचे गाणे-नाच त्या बेटावर होते. पुढे भोजपुरी शब्द आणि सेगाचा ठेका यांची जोडी जमली. नवा देश त्यांच्या गाण्यातही आला.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. गाणे टिकले म्हणजे भाषा टिकलीच, असे नाही. आज तेथल्या पुष्कळ मराठी घरांत रोजचे बोलणे क्रेओल भाषेत चालते. मराठी उरते ती आरतीत, भजनात आणि झाकरीत. अर्थ कळेनासा झाला की नुसता सूर किती दिवस पुरणार? म्हणून तेथे शाळेत मराठी शिकवतात. गीत-गवईच्याही शाळा निघाल्या आहेत. २०१६ साली युनेस्कोने गीत-गवईला जगाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले.

गुरुजी, आपल्या वर्गातही ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबांची मुले असतात. नवे पोर कोपऱ्यात गप्प बसते. त्याला एकदा त्याच्या घरचे गाणे म्हणायला सांगा, आणि त्याचा अर्थही त्यालाच विचारा. बाकीच्या मुलांना टाळ्यांचा ठेका धरू द्या. पोर बोलते होईल, आणि वर्गालाही एक नवे गाणे मिळेल.