सेनापतीचा बासनात पडलेला कागद

मराठीच्या प्राध्यापकाने सेनापतीवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु पिंपळगाव बसवंतच्या आमच्या वर्गात सैन्यभरतीची तयारी करणारी मुले दरवर्षी असतात, आणि मोठा सेनापती कोण असे विचारले की ती पदके मोजू लागतात. त्यांना मी लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरातांची हकिगत सांगतो.

पदकांची वाण थोरातांनाही नव्हती. १९०६ साली जन्मलेला हा कोल्हापूरकडचा तरुण सँडहर्स्टला शिकून अधिकारी झाला. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात, आराकानातील कांगॉच्या लढाईत, एकाच ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नायक हिंदी होते: थोरात, थिमय्या आणि सेन. थोरातांच्या पंजाबी पलटणीने मेलरोज नावाची टेकडी जिंकली. तिघांनाही डी.एस.ओ. मिळाला. पुढे १९५३ मध्ये कोरियात युद्धकैद्यांनी आपल्या एका मेजरला कुंपणात ओढून नेले, तेव्हा थोरात स्वतः आत शिरले आणि बोलून-समजावून त्याला सोडवून आणले. अशोकचक्र (वर्ग २) आणि पद्मश्रीही त्यांच्या नावापुढे आहेत.

परंतु त्यांची खरी कामगिरी, माझ्या मते, एका कागदात आहे. पूर्व विभागाचे सेनापती असताना, ऑक्टोबर १९५९ मध्ये, त्यांनी नेफाच्या संरक्षणाचा आराखडा लिहिला. सरहद्दीवरच्या चौक्या म्हणजे नुसते पहारे. खरी फळी मागे, जिथे दारूगोळा आणि शिधा पोहोचेल तिथे हवी, असे त्यांचे सांगणे. सरसेनापती थिमय्यांना ते पटले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना तो विनाकारण घाबरवण्याचा प्रकार वाटला. तेव्हा मार्च १९६० मध्ये थोरातांनी लखनौला ‘लाल किल्ला’ हा युद्धसराव योजला आणि चीनचा हल्ला कसा पुढे सरकेल ते सहकाऱ्यांसमोर मांडून दाखविले. २० ऑक्टोबर १९६२ रोजी तो हल्ला खरोखरच आला. आकाशात ढग दिसताच आमचा द्राक्षवाला धावपळ करतो. दिल्लीत मात्र कागद बासनात राहिला.

युद्धानंतर पंडित नेहरूंनी तो मागवून वाचला आणि आधी आपल्याला का दाखविला नाही असे विचारले. त्याचे उत्तर मेननच देऊ शकतील, असे आपण सांगितल्याचे थोरातांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे.

तोवर मेनन गेले होते. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. १९६३ मध्ये नाशिकनेच त्यांना बिनविरोध लोकसभेत पाठविले, आणि १९६४ मध्ये आमच्या शेजारी ओझरला मिग विमानांचा कारखाना सुरू झाला.

मुले म्हणतात, थोरातांनी राजीनामा फेकून वर्तमानपत्रांकडे जायला हवे होते. मला तसे वाटत नाही. लोकशाहीतल्या सेनापतीने धोका लेखी कळवावा, पुन्हा प्रत्यक्ष दाखवावा, निर्णय मंत्र्याचा. यावर वर्गात दरवर्षी कडाक्याचे भांडण होते, आणि मी ते होऊ देतो.

थिमय्यांनी आपल्यामागे थोरातांचेच नाव सुचविले होते. नेमणूक झाली थापर यांची. थोरात १९६१ मध्ये निवृत्त झाले, पुढे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष होते, आणि १९९२ मध्ये वारले.