गुरांची 'फाशी' टाळणारी लस शोधणारे मॅक्स स्टर्न कोण होते?

काल संध्याकाळपर्यंत चरणारं धडधाकट जनावर सकाळी मरून पडलेलं. नाकातोंडातून काळपट रक्त, तेही न गोठलेलं. गावाकडे या रोगाला फाशी किंवा काळपुळी म्हणतात, डॉक्टर अँथ्रॅक्स म्हणतात. जनावरांकडून तो माणसालाही होतो.

आज जगभरात गुरांना यावर जी लस टोचतात, ती बहुतेक ठिकाणी जवळपास 90 वर्षांपूर्वी मॅक्स स्टर्न यांनी शोधलेल्या जंतूपासूनच बनते.

लस तर आधीच होती ना?

होती. 1881 मध्ये लुई पाश्चर यांनी फ्रान्समध्ये मेंढ्यांवर जाहीर प्रयोग करून ती दाखवली होती. पण ती बेभरवशाची निघाली. जंतू जास्त कमजोर झाला तर लस निकामी, कमी झाला तर लसीनेच जनावर दगावायचं.

मग स्टर्न यांनी काय केलं?

1905 मध्ये ट्रिएस्टला जन्मलेले स्टर्न 1930 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या ऑन्डरस्टेपूर्ट या पशुवैद्यकीय संस्थेत काम करत होते.

अँथ्रॅक्सच्या जंतूकडे दोन हत्यारं असतात. एक विष आणि दुसरं कवच. कवच असल्यामुळे शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्याला गिळू शकत नाहीत. स्टर्न यांनी जंतू भरपूर कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेत वाढवले. कवचवाले जंतू बुळबुळीत दिसत होते, पण त्यांच्यातूनच काही खरखरीत जंतू बाहेर आले. त्यांनी कवच गमावलं होतं!

त्यातला एक निवडला, त्याचं नाव 34 एफ 2. तो थोडं विष बनवतो, त्यामुळे शरीर लढायला शिकतं. पण कवच नसल्याने पांढऱ्या पेशी त्याचा फडशा पाडतात. 1937 मध्ये हे काम प्रसिद्ध झालं.

कवच का गेलं, हे कळायला 1980 चं दशक उजाडलं. कवचाची माहिती असलेला डीएनएचा छोटा तुकडाच हा जंतू गमावून बसला होता. म्हणून त्याचं कवच आपोआप परत येत नाही.

स्टर्न 1997 मध्ये गेले. लस आजही चालू आहे, पण जंतू मातीत अनेक दशकं टिकतो. म्हणून असं जनावर मेलं तर ते कापू नका, कातडं काढू नका. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.