वर्तुळाचे चार कोपरे

वर्तुळाला कोपरे नसतात, हे तिसरीतले पोरही सांगेल. माझ्या वर्तुळाला मात्र चार होते.

मार्च महिना होता. सोलापूरचे ऊन तापायला लागले होते. घराच्या मागच्या पडवीत, नव्याने संगणक जोडलेल्या माझ्या छोट्या मिलिंग मशीनवर मी अॅल्युमिनियमची एक चकती कापली, ४० मिलिमीटर व्यासाची. पडद्यावर ती पौर्णिमेच्या चंद्रासारखी दिसत होती. हातात घेऊन कडेवरून बोट फिरवले, तर घड्याळात बारा, तीन, सहा आणि नऊ असतात त्या चार जागी बोटाला बारीकशी ठेच लागली. सात महिन्यांची खटपट, एका बऱ्या स्कूटरइतका पैसा आणि घरच्यांचा संपत आलेला धीर, एवढे सगळे त्या चार ठेचांत अडकले होते.

आधी थोडे मागे जायला हवे. मी २८ वर्षे तंत्रशाळेत मुलांना लेथ आणि मिलिंग शिकवले. निवृत्तीनंतर लोक यात्रेला जातात, बाग करतात. मी एका बंद पडलेल्या टूलरूममधून टेबलावर मावेल एवढे मिलिंग मशीन उचलून आणले. ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. ड्रिल मशीन सरळ खाली भोक पाडते आणि थांबते. मिलिंगमध्ये कटर जागेवर फिरत राहतो आणि खालचे टेबल धातूला घेऊन डावी-उजवीकडे, पुढे-मागे सरकते. त्यामुळे खाच, खोबण, सपाटी, हवा तो आकार कोरता येतो. टेबल सरकवायला हँडल असतात. हँडल फिरवले की आतला स्क्रू फिरतो, स्क्रूवरचा नट पुढे जातो आणि नटाबरोबर टेबल. हँडल माणसाने फिरवण्याऐवजी मोटरीने फिरवायचे आणि किती फिरवायचे ते संगणकाने सांगायचे, की झाले सीएनसी.

आपल्या पुणे रस्त्यावरच्या चिंचोली एमआयडीसीत असली यंत्रे रांगेने उभी आहेत. १९९२ साली सुरू झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या इथल्याच कंपनीचे कॅमशाफ्ट देशोदेशींच्या मोटारींत जातात. त्या यंत्रांच्या किमती ऐकूनच माझ्यासारख्याचे डोळे पांढरे व्हायचे. पण जुने यंत्र घ्यायचे, मोटरी बाहेरून लावायच्या आणि घरच्या घरी त्याला आकडे वाचायला शिकवायचे, हा उद्योग जगभर हौशी मंडळी करतात. म्हटले, आपण का नाही?

नुसती हौस असती तर मी कदाचित मध्येच सोडून दिले असते. पण मध्ये अण्णा आले.

अण्णा आमच्या मागच्या गल्लीतले. पंचाहत्तरी ओलांडलेले. घरात तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी. पूर्वभागातल्या मागांसाठी जॅकार्डची कार्डे पाडण्यात त्यांचा जन्म गेला. सोलापुरी चादरीवरचा मोर, वेलबुट्टी, अक्षरे हे सगळे आधी आलेखाच्या कागदावर चौकटी-चौकटीत उतरते आणि मग पुठ्ठ्याच्या लांबट कार्डांवर भोकांच्या रूपाने. एक आडवा धागा, एक कार्ड. कार्डात जिथे भोक, तिथे सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेला उभा धागा उचलला जातो. जिथे भोक नाही, तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. शेकडो कार्डे दोऱ्याने ओवून मागावर चढवली, की एकापाठोपाठ एक ती आपला हुकूम सांगत जातात आणि खाली नक्षी उमलत राहते.

आता बरीचशी जॅकार्डे इलेक्ट्रॉनिक झाली. तरी जुन्या मागांवर पुठ्ठ्याची कार्डे लागतात आणि ती मंडळी अण्णांकडे येतात. अण्णांची पद्धत सगळ्यांत जुनी. बिजागरीने जोडलेल्या दोन पोलादी पट्ट्या, दोन्हींत चारशेहून जास्त भोके, बरोबर समोरासमोर. मध्ये पुठ्ठा ठेवायचा आणि आलेखात पाहून नेमक्या भोकातून पंच ठोकायचा. चाळीस वर्षे ठोकून ठोकून त्या पट्ट्यांची भोके झिजली होती. पंच आत हलायचा, कार्डावरचे भोक केसभर सरकायचे, सुई कडेला अडायची आणि चादरीत चूक यायची. माल परत यायला लागला होता.

“काय करूलालाव, सर?” एके दिवशी पडवीत डोकावून त्यांनी विचारले. मी उत्साहाने सगळे समजावले. त्यांनी ऐकून घेतले, दुसऱ्या दिवशी ती पट्टी फडक्यात गुंडाळून आणली आणि माझ्यासमोर ठेवली. “तुमचं मशीन आकड्यावर चालतंय म्हणताव. मग एवढं करून द्या की. दोन जागी विचारलो. एवढ्याशा कामाला कोण हात लावंना.”

मी हो म्हणून बसलो.

तर आता यंत्राबद्दल. पहिली अडचण गंमतशीर. मोटरी बसवायला ब्रॅकेट हवेत, ब्रॅकेट अचूक करायला मिलिंग मशीन हवे आणि मोटरी बसवायच्या तर तेच मशीन खोलावे लागणार. लोहाराचा पहिला चिमटा कोणी घडवला, असाच हा प्रश्न. शहाणा माणूस यंत्र खोलण्याआधी ब्रॅकेट करून घेतो. मी शहाणा नव्हतो. माझे ब्रॅकेट शेवटी एका जुन्या विद्यार्थ्याच्या वर्कशॉपमध्ये झाले. तिथे म्हैसूर किर्लोस्करचा लेथ अजून गुणी बैलासारखा राबतो आहे. हरिहरची ती कंपनी गेली, लेथ राहिले.

मोटरी स्टेपर जातीच्या. साधी मोटर वीज दिली की फिरत सुटते, स्टेपर पावले मोजत चालते. एका फेऱ्याची २०० पावले. माझ्या यंत्राचा मूळ स्क्रू एका फेऱ्यात टेबलाला २ मिलिमीटर सरकवायचा, म्हणजे एका पावलाला मिलिमीटरचा शंभरावा भाग. डोक्याचा केसदेखील याच्या कितीतरी पट जाड असतो. हिशेब कागदावर मांडला तेव्हा मला स्वतःचाच अभिमान वाटला होता. मोटरी, त्यांना वीज पुरवणारे ड्रायव्हर आणि फुकटात मिळणारे लिनक्स-सीएनसी हे सॉफ्टवेअर, यांची जुळणी भाच्याच्या मदतीने पंधरा दिवसांत झाली. या सॉफ्टवेअरचे मूळ अमेरिकी सरकारच्या मोजमाप संस्थेत १९९० च्या दशकात लिहिलेल्या प्रणालीत आहे आणि आज ते कुणीही घरी उतरवून घेऊ शकतो. मला धास्ती होती ती याच भागाची आणि हाच भाग सगळ्यांत सोपा निघाला.

मग आली ती चार कोपऱ्यांची चकती.

कारण मला कळत नव्हते असे नाही, पण मान्य करवत नव्हते. भाचा म्हणाला, सॉफ्टवेअरमध्ये चूक असेल. मी दोन दिवस आकडे तपासले. तिसऱ्या दिवशी अण्णा आले. त्यांनी चकती घेतली, डोळे मिटून अंगठ्याच्या नखाने कड चाचपली आणि म्हणाले, “चारी जागी सारखंच आहे. हे चुकलेलं नाही, हे ढील आहे. तुमचं टेबल माघारी वळतंय तिथं दम खातंय.”

अगदी तेच होते. वर्तुळ कापताना टेबल एका दिशेने जाते, थांबते आणि उलटे वळते, आणि हे होते नेमके त्या चार बिंदूंवर. जुन्या शिलाई मशीनचे चाक उलटे फिरवून पाहा. सुई हलण्याआधी चाक थोडे नुसतेच फिरते. माझ्या स्क्रू आणि नटाच्या आट्यांमध्ये तशीच मोकळी जागा होती. डायल गेज लावून मोजली, ०.२५ मिलिमीटर भरली. हाताने काम करताना आम्ही ही ढील नकळत सांभाळतो. हँडल नेहमी एकाच बाजूने आणायचे, हे मी २८ वर्षे मुलांना ओरडून सांगितले होते. हाताला जे ठाऊक होते ते संगणकाला कोणी सांगितलेच नव्हते. तो बिचारा पावले मोजत होता आणि पहिली पंचवीस पावले हवेतच जात होती.

“जॅकार्डचा सिलिंडर ढिला झाला तर नक्षी अशीच सरकते,” अण्णा म्हणाले. “मग काय कार्ड बदलतंय का कोणी? आधी सिलिंडर आवळायचा.”

अण्णांच्या तोंडून हे ऐकताना मला राहून राहून आश्चर्य वाटत होते ते वेगळ्याच गोष्टीचे. फ्रान्समधल्या लियाँ शहरात जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास हा माग उभा केला. त्याचे रेशमात विणलेले चित्र तयार करायला पुढे सुमारे २४,००० कार्डे लागली. त्या चित्राची एक प्रत चार्ल्स बॅबेजकडे होती आणि आपल्या गणनयंत्राला हुकूम देण्यासाठी त्याने अशीच कार्डे योजली होती. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत भोकांची कार्डे माणसे मोजायला लागली. १९४० च्या दशकात मिशिगनमधल्या जॉन पार्सन्सकडे हेलिकॉप्टरच्या पात्यांचे काम आले, तेव्हा पात्याच्या वळणावरचे बिंदू त्याने कार्डांच्या यंत्रावर काढून घेतले. मग मिलिंग मशीनच्या एकेका हँडलवर एकेक माणूस उभा केला आणि तिसऱ्याने आकडे वाचायचे, तसे त्यांनी फिरवायचे. तिथून कल्पना निघाली, की आकडे थेट यंत्रालाच वाचायला लावू. हवाई दलाचा पैसा आला, काम एमआयटीकडे गेले आणि १९५२ साली भोके पाडलेल्या फितीवर चालणारे यंत्र लोकांना दाखवण्यात आले. ते यंत्रही नव्याने घडवलेले नव्हते. सिनसिनाटी कंपनीचे साधे मिलिंग मशीन घेऊन त्यालाच मोटरी जोडल्या होत्या, आणि नियंत्रणाचे कपाट यंत्रापेक्षा मोठे! म्हणजे जगातले पहिले असे मिलिंग मशीनही माझ्यासारखेच जोडकाम होते, आणि ज्या भोकांच्या भाषेवर ते चाललेले ती भाषा माझ्या मागच्या गल्लीत रोज ठोकली जात होती.

असो. अण्णांचे ऐकायच्या आधी मी एक पळवाट काढून पाहिलीच. सॉफ्टवेअरला सांगता येते, की दिशा बदलताना ०.२५ मिलिमीटर जास्त चाल. सांगितले. कोपरे कमी झाले, पण कड खवल्यासारखी आली. कारण ढील तशीच होती आणि फिरता कटर टेबलाला त्या मोकळ्या जागेत मागे-पुढे ओढत होता.

मग तिन्ही स्क्रू काढले आणि बॉल स्क्रू मागवले. यात नट आणि स्क्रूच्या मध्ये पोलादी गोळ्या गरागरा फिरत राहतात, सायकलच्या बेअरिंगसारख्या. नट थोडा ताणूनच बसवलेला असतो, त्यामुळे ढील जवळजवळ नाहीशी होते. नवा नट स्क्रूच्या टोकापलीकडे सरकवू नये, अशी सूचना सोबत होती. मी चष्मा शोधेपर्यंत नट सरकला आणि साठ-सत्तर गोळ्या पडवीभर उधळल्या. सौभाग्यवतींनी पुढचे आठ दिवस केर काढताना एकेक आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली. काही न बोलता.

बॉल स्क्रूचा आणखी एक गुण मला अनुभवाने कळला. तो इतका हलका फिरतो, की वजनानेही फिरतो. जुना स्क्रू घर्षणाने मान धरून ठेवायचा. नव्याने मोटरीची वीज जाताच कटरसकट सगळे डोके सावकाश खाली आले आणि कटर टेबलावर टेकून मोडला. तिथे मोटारीच्या डिकीला असतो तसा गॅसचा दांडा लावला, तेव्हा ते जागेवर राहू लागले. या निमित्ताने मोठे लाल थांब-बटण हाताच्या अंतरावर आले. हातमोजे घालायचे नाहीत, बाह्या दुमडायच्या आणि चष्म्याशिवाय पडवीत पाय ठेवायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना लागू झाले. इलेक्ट्रॉनिक्सचा डबा वेगळ्या भिंतीवर गेला. धातूचा किस आत जाऊ नये म्हणून त्याला जाळी लावली, तर ती पंधरवड्यात पांढरी झाली. आमच्या भागातल्या हवेतच कापूस आहे!

टेबलाच्या सरकपट्ट्या घासून बसवल्या, जिब आवळले, पुन्हा डायल गेज लावले. ढील ०.०२ मिलिमीटर. चकती कापली. अंगठ्याला काही लागले नाही. मी ती अण्णांकडे नेली नाही, कारण काम चकतीचे नव्हतेच.

पट्टीचे काम सोपे नव्हते. माझे टेबल सरकते जेमतेम नऊ इंच आणि पट्टी सव्वा फुटाहून लांब. म्हणून दोन पिना बसवून आधी अर्धी पाडायची, मग पट्टी सरकवून त्याच पिनांवर उरलेली. अण्णांची मूळ पट्टी झिजलेली, तिची मापे कशी घेणार? आम्ही जॅकार्डच्या सिलिंडरवरूनच मापे घेतली. प्रत्येक भोक आधी टोकदार ड्रिलने टिंबवायचे, मग पाडायचे. दोन्ही पट्ट्या एकत्र बांधूनच पाडायच्या, म्हणजे भोके समोरासमोर येणारच.

पहिल्या प्रयत्नात तीनशेच्या आसपास भोके झाली आणि वीज गेली. स्टेपर पावले मोजतो खरा, पण वीज गेली की आपण कुठे होतो ते विसरतो. मी टोकाला बटणे बसवली नव्हती, जिथे टेकून यंत्र पुन्हा शून्यापासून मोजू शकेल. अंदाजाने सुरुवात केली आणि पुढची ओळ अर्धा मिलिमीटर सरकली. अण्णा बाजूच्या स्टुलावर बसून सगळे बघत होते. चूक त्यांना माझ्याआधी दिसली, पण त्यांनी ओळ पूर्ण होऊ दिली आणि मग म्हणाले, “चहा टाकायला सांगा.”

बटणे बसवली. नवे पोलाद आणले. दुसरी पट्टी पहाटे चारला सुरू केली, तेव्हा मागही थंडावलेले असतात आणि विजेवर ताण कमी असतो. साडेनऊला शेवटचे भोक पडले. कडा कानशीने मारल्या, बिजागरी चढवली, तेल पुसले. अण्णांनी पिशवीतून कोरे पुठ्ठे काढले आणि तिथेच ओट्यावर एकेक ठेवून पंच ठोकायला सुरुवात केली. सगळ्यांवर एकच ओळ. दहा झाले. दहाही एकावर एक रचून त्यांनी उन्हाकडे धरले आणि एक डोळा मिटला. मीही मागून वाकून पाहिले. दहा पुठ्ठ्यांच्या पलीकडचे आभाळ गोल गोल ठिपक्यांनी दिसत होते.

त्यांनी पुठ्ठे पिशवीत घातले, पट्टी फडक्यात गुंडाळली.

“पोराला पण शिकायचं म्हणतोय,” उठता उठता ते म्हणाले. “त्याच्यासाठी दुसरी कधी देताव?”