पिवळ्या कॅबिनेटची डागडुजी

कम्प्युटरमधला जवळजवळ प्रत्येक भाग पाच-सात वर्षांत जुना होतो. कॅबिनेट होत नाही, निदान मापाने तरी. इंटेलने १९९५ साली एटीएक्स नावाचं माप ठरवलं. मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, स्क्रूची भोकं ठरलेल्या जागी, मागे पोर्टसाठी एक लांबट खिडकी आणि कार्डांसाठी सात फटी. ते माप आजही चालू आहे, म्हणून पेंटियम टूच्या काळातल्या पत्र्याच्या डब्यात आजचा बोर्ड सहसा एकही नवं भोक न पाडता बसतो. बाहेरून सायबर कॅफेतलं वाटणारं आणि आतून आजचं असं यंत्र बनवणं हा माझा उद्योग त्या एका सोयीवर चालतो.

माल मिळतो पुण्याच्या जुन्या बाजारात, नाहीतर ओळखीच्या भंगारवाल्याकडे. त्याच्या लेखी तो पत्रा असतो, तराजूवर जातो. नव्वदीच्या शेवटी आपल्याकडे घरोघरी आलेले कम्प्युटर बहुतेक असेम्बल केलेले. लॅमिंग्टन रोडवरून किंवा तपकीर गल्लीतून जोडून घेतलेले. त्यामुळे कॅबिनेटवर कंपनीचं नावही बरेचदा नसतं. तेच मला आवडतं. नामांकित कंपन्यांच्या जुन्या डब्यांत बोर्ड आणि एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, दोन्ही त्यांच्याच खास मापाचे असायचे. बिननावाचं कॅबिनेट सगळ्यांशी जमवून घेतं.

घरी आणलं की आधी मागचे स्क्रू काढून वेगळ्या डबीत. हे स्क्रू इंची आट्यांचे असतात, ६-३२, म्हणजे एका इंचात बत्तीस आटे. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात ते एम-३ आणि एम-४. एम-३ या भोकात लुळा पडतो. एम-४ जात नाही, आणि रेटून घातला की पत्र्यातले आटे कायमचे जातात. सीडी ड्राइव्ह आणि फ्लॉपीला मात्र एम-३च लागतात. पूर्वी कुणीतरी एका स्क्रूचं काम दुसऱ्याकडून करून घेतलेलं असतंच. कॅबिनेट कुणाच्या हातून गेलंय ते मला धुळीपेक्षा आट्यांवरून जास्त कळतं.

मग पुढचं प्लॅस्टिक. ते आतून खटक्यांनी अडकवलेलं असतं आणि पंचवीस वर्षांनी हे खटके बिस्किटासारखे तुटतात. हेअर ड्रायरने जरा गरम करून, आतल्या बाजूने एकेक खटका दाबत सोडवावं लागतं. तुटलाच तर मी फेविक्विक वापरत नाही, तो जोड ठिसूळच राहतो. सीडी ड्राइव्हच्या जागेवरच्या कोऱ्या झाकणाच्या पाठीमागून एबीएस प्लॅस्टिकचा थोडा कीस काढतो, अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवतो आणि दाट झालेली ती खळ तुटलेल्या जागी भरतो. अ‍ॅसिटोन उडून गेलं की उरतं ते त्याच जातीचं प्लॅस्टिक. एक रात्र हात लावायचा नाही.

पिवळेपणा घालवण्यावर लोकांचा फार जीव. एबीएसमधला ब्युटाडाईन उन्हाने आणि उष्णतेने ऑक्सिडाइज होतो, आग लागू नये म्हणून मिसळलेली ब्रोमिनची संयुगंही त्यात भर घालतात, आणि मूळचा राखाडी-पांढरा रंग चहाच्या डागाकडे झुकतो. उपाय पार्लरच्या सामानाच्या दुकानात मिळतो: केस रंगवताना वापरतात ते बारा टक्क्यांचं क्रीम डेव्हलपर. ते म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. ब्रशने सगळीकडे सारखा थर, वर स्वयंपाकघरातली पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म, आणि गच्चीवर ऊन. आपल्याकडे एप्रिल-मे असेल तर दुसरा काही खर्च नाही. पण सोडून खाली येता येत नाही. क्रीम एखाद्या जागी वाळलं की तिथे पांढरे ढग उमटतात आणि ते निघत नाहीत. दर थोड्या वेळाने फिल्म उचलून क्रीम फिरवायचं, तुकडा वळवायचा, हातात मोजे ठेवायचे; कातडीला लागलं तर चरचरून पांढरं पडतं.

कुठे थांबायचं ते कॅबिनेटच सांगतं. पत्र्यावरचा रंग प्लॅस्टिकइतका पिवळा पडत नाही. पुढच्या प्लॅस्टिकवरचं स्टिकर सोडवलं तर त्याच्याखालीही मूळ छटा दिसते. त्या छटेच्या एक पाऊल अलीकडे मी थांबतो. आणि पिवळेपणा सगळीकडे सारखा, फिका असेल तर मी हातच लावत नाही, कारण काही वर्षांत तो पुन्हा चढतो. स्प्रेचा डबा घेऊन काळा रंग मारणाऱ्यांना तर मी कॅबिनेट देत नाही.

बाहेर जपायचं, आत मात्र दया दाखवायची नाही. जुन्या कॅबिनेटमध्ये हवेचा विचार जवळजवळ नसतो. मागच्या पंख्यापुढे पत्र्यातच छापलेली भोकं असतात आणि त्या भोकांपेक्षा त्यांच्यामधला पत्राच जास्त. ही जाळी कापून टाकली तरी पंख्याचा आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. मास्किंग टेप लावून त्यावर वर्तुळ आखायचं, सेंटर पंचाने खूण, ड्रिलने कात्री शिरेल एवढं भोक, मग पत्रा कात्रीने रेघेच्या आतून फिरायचं. रेघेपर्यंतचं उरलेलं काम कानशीचं. कानस पुढे ढकलताना दाबायची, मागे घेताना उचलायची. दोन्हीकडे घासली की पत्रा थरथरतो आणि कड लाटेसारखी येते. शेवटी बोटाने नाही, कापसाच्या बोळ्याने कड तपासायची. जिथे कापसाचा धागा अडकतो तिथे बर, म्हणजे कापल्याची खरबरीत धार, राहिली आहे.

हार्ड डिस्कचा पिंजरा रिव्हेटने ठोकलेला असतो. आजचं लांब ग्राफिक्स कार्ड त्याला आडवं येतं, म्हणून ३.२ मिलिमीटरच्या ड्रिलने रिव्हेट उडवून पिंजरा बाहेर. सीडी ड्राइव्हचे तीन कप्पे एकावर एक धरले तर उंची १२४ मिलिमीटरच्या आसपास भरते आणि १२० मिलिमीटरचा पंखा तिथे नेमका बसतो. हे कुणी ठरवून केलेलं नाही, पण माझ्यासाठी केल्यासारखं आहे. कप्प्यांवरची कोरी झाकणं मी स्पेसर घालून दोन-तीन मिलिमीटर पुढे उचलतो. समोरून कळत नाही आणि हवा कडेने आत जाते. लोखंडाचा कीस मात्र सगळीकडे पसरतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून तो गोळा करायचा, पिशवी उलटी करायची, कीस आत राहतो.

गंजलेला सांगाडा मी भोसरी एमआयडीसीत पावडर कोटिंगला देतो. घरी पॉलिश पेपर मारून प्रायमर लावता येतो, पण जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर साधा प्रायमर धरत नाही. तिथल्या मामांना एका नगाचं काम म्हणजे कटकट.

“एवढ्यासाठी वेगळा रंग नाय लावत, दादा. पॅनेलचा लॉट लागलाय, सीमेन्स ग्रे. त्यात टांगू का?”

“टांगा की. पण आट्यांना प्लग घाला हं, मामा.”

“ते सांगायला पायजे का? आर्थिंगला कुठं टेप मारू ते दाखवा.”

सीमेन्स ग्रे म्हणजे आरएएल ७०३२, विजेच्या पॅनेलचा रंग. जुन्या कॅबिनेटच्या रंगाशी तो इतका मिळता आहे की सांगाडा आणि बाहेरचं झाकण एकाच घरचं वाटतं. भट्टी १८० ते २०० अंशांची, त्यामुळे रबर, प्लॅस्टिक, वायर काहीही आत राहता कामा नये.

मामांनी आर्थिंगचं विचारलं त्याला कारण आहे. पावडरचा थर वीज वाहू देत नाही. बोर्डाच्या पितळी खुंट्या जिथे बसतात ती जागा आणि एसएमपीएसची मागची चौकट उघड्या धातूचीच हवी. आपल्याकडे कॅबिनेटला हात लागल्यावर झिणझिण्या आल्या नाहीत असं घर विरळा. टेस्टर लावला तर दिवाही लागतो. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून बॉडीला, दुसरा न्यूट्रलपासून. भिंतीतलं आर्थिंग तुटलेलं असेल तर बॉडीवर साधारण निम्मा दाब, ११५ व्होल्टच्या आसपास, उभा राहतो. करंट अगदी किरकोळ, पण बोर्डाचा पोर्ट मरायला कधी तेवढाही पुरतो. जुना एसएमपीएस मी वापरतच नाही. तो जास्तकरून ५ व्होल्टवर जोर देणारा, आजचं यंत्र १२ व्होल्टवर जगतं. उघडूनही पाहू नये. आत ३२५ व्होल्ट साठवलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतात.

पुढच्या बटणाच्या वायरी तशाच चालतात. फक्त पॉवरच्या दिव्याचा कनेक्टर जुन्या बोर्डांवर तीन पिनांचा असे, मधली रिकामी, आता दोनचा. सुईने प्लॅस्टिकची जीभ उचलायची, कडेची पिन ओढून मधल्या घरात सरकवायची. नवा दिवा, नवी वायर काही नको.

हा नाद माझ्या एकट्याचा नाही. सिल्व्हरस्टोन या तैवानी कंपनीने २०२३ च्या एक एप्रिलला गंमत म्हणून असल्या जुन्या तोंडवळ्याचं कॅबिनेट दाखवलं आणि मागणी पाहून पुढे खरंच बाजारात आणलं. पैसे वाचवायचे असतील तर साधं नवं कॅबिनेट घ्यावं. कोटिंग, पंखे आणि गेलेले रविवार धरले तर माझं नेहमीच महाग पडतं.

तुमच्या माळ्यावर एखादं पडलं असेल तर भंगारात घालण्याआधी मागून बघा. कीबोर्डसाठी नुसतं एक गोल भोक असेल तर ते एटीएक्सच्या आधीचं, त्याच्या पुढच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्ट जातात, त्याच्या नादी लागू नका. पण बोटभर लांबीच्या दुप्पट खिडकी, तिच्यातली सुटी होणारी पातळ प्लेट आणि सात फटी दिसल्या तर ते ठेवा, नाहीतर अशी कामं करणाऱ्या कुणाला तरी द्या. आणि देताना स्क्रूसकट द्या.