छातीतील जळजळ आणि आम्लविरोधी औषधे

तिखट, तळलेले किंवा अतिरिक्त जेवण झाल्यावर अनेकांच्या छातीत जळजळ होते व घशाशी आंबट येते. ‘पित्त उसळले’ असे लोक म्हणतात. वास्तविक हा दाह पित्ताचा नसून बहुधा जठरातील आम्लाचा असतो. हे आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल होय, असे विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने १८२४ साली प्रसिद्ध केले. जठराच्या अस्तरावर श्लेष्म्याचा थर असल्याने त्यास या आम्लाची सहसा इजा पोहोचत नाही. अन्ननलिकेस मात्र तेवढे संरक्षण नाही. तिच्या खालच्या टोकाचे स्नायूंचे कडे सैल पडले, की आम्ल वर चढते आणि छातीच्या हाडामागे आग होऊ लागते. जेवून लगेच आडवे होणाऱ्यांस हा त्रास अधिक होतो.

यावरील आम्लविरोधी औषधांत अल्कधर्मी पदार्थ असतात. आम्लाशी त्यांची विक्रिया होऊन लवण व पाणी तयार होते आणि आम्लाची तीव्रता ओसरते. स्वयंपाकघरातील खाण्याचा सोडा हेच कार्य करतो. त्या विक्रियेत कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो व ढेकर येते. ढेकर आली म्हणजे औषध लागू पडले, असा समज आहे. ती ढेकर बहुधा सोड्याचीच असते! सोड्यातील सोडियम मात्र रक्तदाबाच्या व हृदयविकाराच्या रुग्णांस अपायकारक असल्याने त्याची सवय लावून घेणे इष्ट नव्हे. चघळावयाच्या कित्येक गोळ्यांत कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीतलाच पदार्थ, असतो.

बाटलीतील पांढऱ्या औषधात बहुधा मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड व ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड एकत्र असतात. पहिल्याने शौचास पातळ होते, दुसऱ्याने मलावरोध होतो. दोन्ही मिसळल्याने समतोल साधतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत.

या औषधांनी काही मिनिटांत आराम पडतो. पण रिकाम्या पोटी तो फार काळ टिकत नाही, कारण आम्लाचे स्रवणे ती थांबवीत नाहीत. शिवाय लोहाच्या गोळ्यांचे शोषण त्यांमुळे घटते. आरोग्यकेंद्रातून लोहाच्या गोळ्या मिळणाऱ्या गरोदर स्त्रियांनी दोहोंत निदान दोन तासांचे अंतर ठेवावे.

जळजळ आठवड्यांमागून आठवडे होत राहिली, गिळताना अन्न अडकू लागले अथवा शौचास काळे झाले, तर डॉक्टरांस दाखवावे. छातीतील वेदनेबरोबर घाम सुटला, दम लागला किंवा कळ हातात वा जबड्यात गेली, तर सोडा देऊन वाट पाहत न बसता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. हृदयविकाराचा झटका कित्येकदा अपचनासारखाच भासतो.