कोणत्या सालाचे बोरीबंदर?

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या पुनर्विकासाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. त्याआधी, योजना आखली जात असताना, वारसा परिसराला १९३० च्या सुमाराचे रूप परत द्यावे असा विचार पुढे आला होता. वास्तूची डागडुजी करणाऱ्याला कुठले तरी एक साल धरावेच लागते. जागेची कहाणी मात्र एका सालात मावत नाही, आणि इथली तर मुळीच नाही.

रेल्वे येण्यापूर्वी हा मुलूख किल्ल्याच्या तटाबाहेरचा. मुंबादेवीचे जुने देऊळ याच परिसरात, फाशी तलावाजवळ होते. अठराव्या शतकात तटासमोरची जमीन मोकळी केली गेली, देऊळ हलले आणि देवी पुढे आजच्या झवेरी बाजाराजवळ गेली. शहराला नाव देणारी देवी इथून उठली, हे लोकलमधून उतरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास याच परिसरातल्या बोरीबंदरहून १४ डब्यांची गाडी ठाण्याला निघाली. साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिने, सुमारे ४०० पाहुणे, ३४ किलोमीटरची वाट. हे आपण शाळेत शिकतो. पण चारच वर्षांनी, १५ ऑक्टोबर १८५७ रोजी, समोरच्या मैदानात सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना तोफेच्या तोंडी दिले गेले. आज आपण त्याला आझाद मैदान म्हणतो. गाडी आणि तोफ एकाच इंग्रज राजवटीची होती. म्हणून स्थानकाच्या कहाणीत दोन्ही हव्यात.

आजची इमारत त्यानंतरची. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावर १८७८ मध्ये काम सुरू झाले आणि ते सुमारे दहा वर्षे चालले. दगडातली पानेफुले, मोर, माकडे घडवण्यात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. घुमटावर ‘प्रगती’ उभी आहे. खाली दर्शनी भागावरच्या मुखशिल्पांत जगन्नाथ शंकरशेट आहेत. व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता तो कोनाडा रिकामा आहे. तो तसाच राहावा, पण त्याच्याकडे बोट दाखवणारी दोन वाक्ये खाली असावीत. एखादी राजवट गेल्याचे इतके स्पष्ट चिन्ह या शहरात फार थोड्या ठिकाणी दिसते.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची गाडी इथून कुर्ल्याला गेली. २००४ मध्ये युनेस्कोने वास्तूला जागतिक वारसा ठरवले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री याच स्थानकात दहशतवादी हल्ल्यात पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. १९३० ची चौकट धरली, तर ती रात्र आणि व्हिक्टोरिया टर्मिनसचे (व्हीटी) छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (सीएसएमटी) होणे दोन्ही बाहेर राहतात.

अनेक काळ एकाच स्थानकात दाखवता येतात. अथेन्सच्या सिंटाग्मा मेट्रो स्थानकात खोदकामात सापडलेले मातीचे थर काचेआड जागेवरच दिसतात. रोमच्या सान जोव्हान्नी स्थानकात जिने उतरताना भिंती सांगतात, आता आपण कोणत्या काळाच्या खोलीवर आहोत. दोन्हीकडे ते पाहायला वेगळा वेळ काढावा लागत नाही. आपल्याकडे वारसा संग्रहालय इमारतीच्या आत आहे; ८.२२ ची लोकल धरणारा माणूस तिथे जाणार नाही. त्याची नजर जिथे आपसूक जाते तिथेच या जागेच्या कहाणीचा मजकूर हवा: इंडिकेटरखाली, सबवेच्या भिंतीवर, तिकिटाच्या रांगेशेजारी. एकूण १८ फलाटांपैकी ११ लांबच्या गाड्यांचे आहेत. सामानावर बसून तासन्‌तास थांबणाऱ्या तिथल्या प्रवाशाला सविस्तर सांगता येईल. मजकूर आधी मराठीत लिहिलेला असावा, इंग्रजीवरून उतरवलेला नको. मुंबादेवीबद्दल तिला मानणाऱ्या कोळी समाजाने स्वतः सांगावे. देवळाच्या नेमक्या जागेबद्दल मतभेद असतील, तर पाटीने तेही लिहावे.

सगळ्यात निकडीची गोष्ट पुनर्विकासातल्या पायाच्या खोदकामाची. ही जमीन रेल्वेहून जुनी आहे, तेव्हा जिथे जिथे ती उकरली जाईल तिथे पुरातत्त्वाचा जाणकार हजर असावा आणि निघालेल्या प्रत्येक थराची नोंद व्हावी. हे कंत्राटातच लिहिलेले असायला हवे.