किंग क्रॅबची रात्रपाळी

प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत फॉर्मलिनच्या बरणीत लिम्युलस असायचाच. आम्ही मास्तर त्याला किंग क्रॅब म्हणायचो, 'जिवंत जीवाश्म' एवढं मुलांकडून घोकून घ्यायचो आणि पुढच्या बरणीकडे वळायचो. खरं तर हा खेकडा नव्हेच, विंचू-कोळ्यांचा भाऊबंद. निवृत्तीनंतर त्याच्या डोळ्यांवरचं काम सवडीने वाचलं. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी नेमकं हेच कसं वगळलं, कोण जाणे.

हा प्राणी अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा. त्याच्या डोळ्यातल्या एकेका मज्जातंतूचे विद्युत संदेश हार्टलाइन यांनी 1930 च्या दशकात टिपले. 1967 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. पण त्या काळचे बरेचसे प्रयोग शरीरातून काढलेल्या डोळ्यावर होत. त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट बार्लो यांनी जिवंत प्राणी सलग अंधारात ठेवला आणि ठरावीक वेळाने तेवढाच प्रकाश डोळ्यावर टाकून पाहिला. प्रकाश तोच, प्रतिसाद मात्र रात्री कितीतरी मोठा, पहाटे पुन्हा उतरलेला. बाहेर सूर्य उगवला की मावळला, हे त्या प्राण्याला कळायचा काही मार्ग नव्हता. म्हणजे भोंगा होण्याआधीच रात्रपाळीचा कामगार कपडे बदलून तयार!

तयार कोण करतं? मेंदू. डोळ्याकडून मेंदूकडे संदेश जातो हे शाळेतलं पोरही सांगेल. इथे रात्र पडली की मेंदूकडून डोळ्याकडे संदेश निघतात. हे संदेश नेणारा मज्जातंतू कापला की चढउतार थांबतो. उलट, भरदिवसा त्याच तंतूंना विजेचे हलके धक्के दिले की डोळा रात्रीच्या अवस्थेत जातो. बार्लो आणि सहकाऱ्यांनी हे 1977 मध्ये दाखवलं. रात्री डोळ्यात प्रकाश शिरण्याची वाट रुंदावते, प्रकाशपेशीचा प्रतिसाद वाढतो आणि, मला सर्वांत आवडलेली गोष्ट, उजेड नसतानाही पेशी उगाच जे संदेश सोडत असते ते कमी होतात. नुसता आवाज वाढवून भागत नाही, खरखरही घालवावी लागते.

एवढा खटाटोप कशाला? वसंत सरता सरता भरतीच्या रात्री हे प्राणी वाळूवर येतात आणि नर डोळ्यांनी मादी शोधतात. बार्लोंनी मादीच्या कवचाचे सिमेंटचे साचे किनाऱ्यावर ठेवले, तर नर त्यांच्याही मागे लागले.

आपल्याकडे व्यवस्था निराळी. सस्तन प्राण्यांच्या दृष्टिपटलातच स्वतःचं घड्याळ आहे. 1996 मध्ये तोसिनी आणि मेनाकर यांनी हॅमस्टरचं दृष्टिपटल काढून काचेच्या बशीत जगवलं. तिथेही ते दिवस-रात्रीच्या तालात मेलाटोनिन हे संप्रेरक बनवत राहिलं. दिवसा दृष्टिपटलात डोपामिन या रसायनाचा अंमल, रात्री मेलाटोनिनचा. मंद उजेडासाठीच्या दंडपेशी आणि रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी यांच्यातले दुवे दिवसा जवळजवळ बंद असतात, रात्री उघडतात. गोल्डफिश आणि उंदीर यांच्यात हे 2008 मध्ये दिसलं.

सकाळचं काम वेगळंच. दंडपेशीत प्रकाश टिपणाऱ्या चकत्यांची चळत असते. तळाशी नव्या चकत्या बनतात, टोकाच्या जुन्या गळतात आणि शेजारचा रंगद्रव्यपेशींचा थर त्या गिळून टाकतो. दहाएक दिवसांत चळत नवी होते. उंदरांमध्ये ही गळती उजेड झाल्यावर लगेच सर्वाधिक असते, आणि त्यांना अंधारात ठेवलं तरी ती वेळ चुकत नाही, हे लावेल यांनी 1976 मध्ये नोंदवलं. माणसाच्या दंडपेशींची संवेदनशीलताही सकाळचा उजेड झाल्यावर तास-दीड तासाने थोडी उतरलेली मोजली गेली आहे.

म्हणून दृष्टिपटलाची ईआरजी, म्हणजे प्रकाशाला ते देत असलेला विद्युत प्रतिसाद मोजणारी तपासणी, पुन्हा करायची असेल, तर मी ओळखीच्यांना मागच्या वेळेचाच प्रहर मागून घ्यायला सांगतो. तपासणीआधी डोळा वीस मिनिटं अंधारात ठेवतात. पण सकाळी आठचा अंधार आणि दुपारी चारचा अंधार डोळ्याच्या लेखी एक नसतो.